काचेचा समुद्र

रोज संध्याकाळी सातनंतर मी समुद्र पुसते.

दीड मीटर लांब, निळ्या काचेचा,
विक्री-कार्यालयाच्या मधोमध टेबलावर.
त्याला लाट नाही, शेवाळ नाही,
शार्कच्या धोक्याची पाटी नाही.
काठाला हातभर उंचीचे तीन मनोरे,
त्यांच्या गच्चीवर तलाव, तलावात नखाएवढी माणसं,
सगळी गोरी, सगळी उताणी.
फडकं ओलं नको, इराइल्डिस,
एव्हांद्रो साहेब बजावतात,
डाग पडतात.

आमची गल्ली असायला हवी तिथं
हिरवा स्पंज आहे.
मी बोटांनी मोजून पाहिलं:
मनोऱ्यापासून चार, बंधाऱ्यापासून दोन.
म्हणजे तिसऱ्या झाडाखाली माझी चूल,
चौथ्याखाली जुरांदिरचा जाळं विणायचा बाक,
आणि हे चिमुकलं कारंजं दाखवलंय
तिथं तायनारा जन्मली,
सुईण पोचायच्या आत.

रेसिफेत आमच्या वस्तीला तेइमोझा म्हणतात.
हट्टी.
नाव कुणी लाडानं ठेवलेलं नाही.
सासूच्या काळी दिवसा पालिकेची माणसं यायची,
खांब उपटायची, पत्रे न्यायची.
रात्री बायका परकराआड कंदील धरायच्या,
पुरुष खांब ठोकायचे,
हातोडीला चिंध्या गुंडाळून.
पहाटे पाहावं तर घर उभं,
वाकडं, पण उभं,
आणि आत कॉफी उकळतेय
जणू पणजोबांपासून.

आता पाडायला कुणी येत नाही.
आता गोड बोलत येतात,
दारात उभ्याउभ्या खोल्या मोजतात,
जाताना म्हणतात, काय वारा आहे हो तुमच्याकडे!
वाऱ्याला भाव असतो
हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

आणि समुद्र. खरा.
तो तर पैसेही देऊ करत नाही.
मार्चच्या उधाणाला बंधारा ओलांडून आला,
इनासियाच्या फ्रिजपर्यंत गेला,
दार उघडलं, काही न घेता परतला,
खालच्या कप्प्यात वाळू ठेवून.
जुरांदिर म्हणतो, हट्ट त्यानंच शिकवला आपल्याला,
आता गुरुजी फी मागताहेत.
मी म्हणते, त्याच्याशी भांडता तरी येतं.
त्याला तोंड आहे.
कागदाला नसतं.

गेल्या मंगळवारी पुसून झाल्यावर
तिसऱ्या झाडाखाली मी एक घर ठेवलं.
चार आगकाड्या,
छप्पर म्हणून माशाचा एक खवला.
सकाळी साहेबांनी ते चिमटीत धरून कचऱ्यात टाकलं.
तो कचरा मीच काढते.
बुधवारी घर पुन्हा, शेजारी जुरांदिरचं.
गुरुवारी कारंज्यात तांदळाचा एक दाणा:
तायनारा.
शुक्रवारी साहेबांनी सगळ्यांना विचारलं. मलाही.
मी म्हटलं, उंदीर असतील, साहेब.
पाणी चढलं की उंदीर वर येतात.

शनिवारी साओ पाउलोचं गिऱ्हाईक, मी कॉफी द्यायला.
त्यांच्या पोरीनं काचेला नाक टेकवलं,
मनोऱ्यांकडे ढुंकूनही न बघता विचारलं,
इथं कोण राहतं?
इथं बाग होणारेय, राजकन्ये, साहेब हसले.
मग दार कशाला आहे?

खरंच होतं.
काडेपेटीच्या सालीचं, मीच लावलेलं,
किलकिलं ठेवलेलं.

साहेबांचं हसू तसंच राहिलं, कप मात्र बशीत वाजला.
बाईनं कागद मिटले, सही केली का, ते मला दिसलं नाही.

त्या रात्री मी फडकं ओलंच घेतलं.
काचेवरून पाणी ओघळलं,
स्पंजात दोन बोटं आत शिरलं, थांबलं.
डाग पडला. तो मी पुसला नाही.

स्टूल ओढून बसले,
आणि एकेका घराखाली
एकेक काडी वाढवत गेले.
पेटीत सात उरल्या.